तुम्ही विचारलंत म्हणून: गेममध्ये पैसे येतात तरी कुठून?

"दिवसदिवस खेळतो, तरी पैसे टिकत नाहीत. तुमच्याकडे कुठून येतात?" ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळायला लागून मला बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते: तासाला सगळ्यात जास्त पैसे देणारी जागा. कुठे जाऊ, कुणाला मारू, एवढं सांगा. पूर्वी मी सांगायचो. तो जायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा तो पहिल्यापेक्षा कंगाल होऊन. म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगतो.

या जगात पैसा दोन वाटांनी हातात पडतो. एक वाट नव्या पैशाची, दुसरी दुसऱ्या खेळाडूच्या खिशातून तुमच्या खिशात येणाऱ्या पैशाची. नवा पैसा बघायचा तर हाय अल्केमीचा मंत्र बघा, ज्याला सगळे नुसतं 'आल्क' म्हणतात. मॅजिकची लेव्हल ५५ झाली की तो टाकता येतो. त्याला एक नेचर रून आणि पाच फायर रून (मंत्र टाकताना खर्च होणारे दगड) लागतात, पण हातात स्टाफ ऑफ फायर ही काठी असली की फायर रूनचा खर्च वाचतो. रून प्लेटबॉडी या चिलखतावर क्लिक करायचं. पात्र हात वर करतं, चिलखत नाहीसं होतं आणि पिशवीत ३९,००० नाणी येतात. ही नाणी कुणी दिलेली नसतात, क्षणापूर्वी ती कुठेच नव्हती. चिलखताची खेळाने ठरवलेली किंमत ६५,००० आणि मंत्र देतो तिच्या ६० टक्के. तीन सेकंदांनी पुढचं चिलखत, पुन्हा तीन सेकंदांनी त्याच्या पुढचं.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि ती कळली त्या दिवसापासून बाजाराकडे बघायची माझी नजरच बदलली. रून प्लेटबॉडीचा भाव ३९,००० वजा एका नेचर रूनची किंमत, याच्या फार खाली जाऊच शकत नाही. गेला की कुणीतरी उचलतो आणि आल्क करून टाकतो. म्हणजे आल्कचा दर हा त्या वस्तूच्या भावाचा तळ. एखादी वस्तू घ्यायची की नाही याचा विचार करताना मी आजही आधी तिचा तळ बघतो. तळाजवळ घेतलेली वस्तू तुम्हाला फार बुडवत नाही.

पण तुमचा प्रश्न खरं तर दुसऱ्या वाटेबद्दल आहे, कारण बहुतेक खेळाडूंचे पैसे तिथूनच येतात आणि तिथूनच जातात.

माझी पहिली खरी कमाई फ्लॅक्सची, म्हणजे जवसाची. सीअर्स व्हिलेजच्या दक्षिणेला निळ्या फुलांचं शेत आहे. एकेक रोप उपटायचं, पिशवीतल्या २८ जागा भरल्या की बँकेत जाऊन रिकामी करायची, परत शेतात. भरपूर फ्लॅक्स जमला की चरख्यापाशी उभं राहून त्याची बोस्ट्रिंग, म्हणजे धनुष्याची दोरी, काढायची. क्राफ्टिंगची लेव्हल १० पुरते. हे काम कुणालाच आवडत नाही. मलाही पहिल्या तासानंतर बोटं आपोआप चालतायत असं वाटायला लागलं होतं. पण मी पहिल्या हजार दोऱ्या ग्रँड एक्सचेंजवर, म्हणजे खेळातल्या बाजारात, विकायला लावल्या आणि पापणी लवते न लवते तोच त्या विकल्या गेल्या. मी बघतच राहिलो. कोण घेत असेल? उत्तर शोधायला मला चार दिवस लागले. फ्लेचिंग, म्हणजे धनुष्यबाण बनवण्याचं कौशल्य, वाढवणारे घेत होते. त्यांना हजारो धनुष्यांना दोऱ्या लावायच्या असतात आणि शेतात उभं राहून रोपं उपटायची त्यांची अजिबात इच्छा नसते. माझ्याकडून त्यांनी दोरी घेतली म्हणण्यापेक्षा माझा दोन तासांचा कंटाळा विकत घेतला.

माझ्या सगळ्या कमाईचं मूळ त्या शेतात आहे. कुठलीही वस्तू समोर आली की मी विचारतो, ही कुणाला लागते, आणि ती स्वतः आणायला त्याला का नकोशी वाटते? उत्तर ठणठणीत असेल तर तिथे पैसा आहे. महोगनीच्या फळ्यांचं बघा. घर बांधण्याचं कौशल्य वाढवणाऱ्याला फळ्या हजारोंनी लागतात. लाकूड सॉमिलवर न्यायचं, एका महोगनी ओंडक्यामागे १,५०० नाणी मोजायची, फळ्या बँकेत आणायच्या. ही हमाली ज्याला नको असते तो ओंडका आणि मजुरी यांच्या बेरजेपेक्षा वर पैसे मोजतो. तो वरचा पैसा तुमचा. त्यातच दुसरीही गोष्ट दिसते: सॉमिलवाल्याला दिलेले १,५०० कुणालाच मिळत नाहीत, ते खेळातून कायमचे जातात. आल्कमुळे जन्माला येणारा पैसा अशाच ठिकाणी जिरतो. तसा तो जिरला नसता तर प्रत्येक वस्तूचा भाव आभाळाला भिडला असता.

बॉसचं, म्हणजे मारायला अवघड अशा बलाढ्य शत्रूंचं, थोडक्यात सांगतो. झुल्रा, वॉर्कथ यांच्यापुढे लिहिलेले तासाच्या कमाईचे आकडे खरे असतात, पण ते ज्याचा हात बसलाय त्याचे. वॉर्कथला रोज मारायचं तर आधी ड्रॅगन स्लेयर टू हा लांबलचक क्वेस्ट, म्हणजे खेळातली मोहीम, पुरा करायला लागतो. शिकताना तुम्ही दहादा मराल, पोशन (शक्ती देणारी औषधं) संपतील, खाणं संपेल. शिकायचं म्हणून जरूर जा. पण खिशात शेवटचे पैसे असताना कमवायला म्हणून जाऊ नका. मघाशी म्हटलेले कंगाल होऊन परतलेले सगळे इथलेच.

मी ज्याला त्याला सांगतो ती गोष्ट म्हणजे हर्ब रन, औषधी वनस्पतींच्या वाफ्यांची फेरी. तिच्याबद्दल मला फार आपुलकी आहे, म्हणून जरा रेंगाळतो. खेळात ठिकठिकाणी औषधी वनस्पतींचे वाफे आहेत: फालाडोरच्या दक्षिणेला, कॅथर्बीला, पोर्ट फास्मॅटिसजवळ आणि इतरही. बी लावलं की ८० मिनिटांत पीक तयार. तेवढा वेळ तुम्ही काहीही करा, खेळ बंद केला तरी चालतो. फेरी मारायला सरावानंतर सहा-सात मिनिटं पुरतात. फार्मिंगची लेव्हल ३२ झाली की रॅनार ही वनस्पती लावता येते. रॅनारला गिऱ्हाईक कायम, कारण प्रेयर पोशन त्याच्यापासून बनतं आणि मोठ्या लढाईला निघालेला माणूस प्रेयर पोशन घेतल्याशिवाय सहसा निघत नाही.

माझी फेरी कॅथर्बीपासून सुरू होते. कॅमलॉटला टेलिपोर्ट, तिथून धावत वाफ्यापर्यंत. आधीचं पीक काढायचं. कधी सहा येतात, कधी बारा, आणि प्रत्येक वेळी शेवटचं रोप हाती येईपर्यंत मी मोजत असतो. मग अल्ट्राकंपोस्ट टाकायचं. नवे खेळाडू हे खत टाकायची कंजुषी करतात, आणि माझं म्हणणं आहे की सगळ्यात महागात पडणारी बचत हीच. खताने पीक वाढतं आणि रोग लागायची शक्यता खूप कमी होते. परत येऊन वाळलेलं रोप बघणं म्हणजे बी गेलं, फेरी गेली. मग बी पेरायचं आणि पुढच्या वाफ्याकडे. बी कुठलं, हे मी दर वेळी ठरवतो: बियाचा आजचा भाव आणि तयार रोपाचा आजचा भाव समोरासमोर ठेवून. कधी रॅनार परवडतं, कधी स्नॅपड्रॅगन. सवयीने एकच बी लावत राहणारे लोक मी पाहिलेत. महिनाभर तोट्यात शेती करतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

आणखी एक गोष्ट. फास्मॅटिसच्या वाफ्यापर्यंत चटकन पोचायला एक्टोफायल नावाची बाटली लागते, ती 'घोस्ट्स अहॉय' या क्वेस्टनंतर मिळते. ट्रोलहाइमच्या डोंगरावर एक वाफा आहे ज्याला रोग कधीच लागत नाही, पण तो उघडतो 'माय आर्म्स बिग ॲडव्हेंचर' केल्यावर. लोक म्हणतात, क्वेस्ट करण्यात वेळ जातो, तेवढ्यात पैसे कमावू. अहो, क्वेस्ट हेच या खेळातलं भांडवल. एकदा केलेला क्वेस्ट हजार फेऱ्यांना पुरतो.

आता फ्लिपिंग, म्हणजे स्वस्त घेऊन महाग विकणं. इथे विचारणारे सगळ्यात जास्त, आणि मीही इथेच सगळ्यात मोठा मार खाल्ला. ग्रँड एक्सचेंजवर मेंबरला, म्हणजे वर्गणी भरून खेळणाऱ्याला, सौदे लावायला आठ जागा मिळतात. एकेका वस्तूचे दर चार तासांना ठरावीक नगच घेता येतात, त्यामुळे पैसा कितीही असला तरी एकट्याने बाजार उचलणं सोपं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विक्रीवर १ टक्का कर आला, २०२५ मध्ये तो २ टक्के झाला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १,००० ला घेतलेली वस्तू १,०३० ला विकली तर ३० सुटत नाहीत, २० कर जातो आणि हातात १० उरतात. १,०२० ला विकली तर काहीच उरत नाही. हे गणित न करता दिवसभर खरेदी-विक्री करणारे फक्त कर भरत असतात.

माझी चूक करापेक्षा मोठी होती. मी एका क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, होतो. तिथले मोठे लोक रोज एक वस्तू सांगायचे: ही घ्या, उद्या वाढणार. दोनदा वाढली. तिसऱ्या वेळी मी साठवलेले ४० मिलियन, म्हणजे चार महिन्यांच्या हर्ब रन, एकाच वस्तूत घातले. भाव वाढला, मी थांबलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो अर्ध्यावर होता. सांगणाऱ्यांनी वस्तू आधीच भरून ठेवली होती, आणि आमच्या गळ्यात मारायलाच ती सांगितली होती. त्या वस्तूचा तळ मी बघितला नव्हता. ती कुणाला लागते हेही विचारलं नव्हतं. स्वतः शिकलेल्या दोन्ही गोष्टी मी त्या दिवशी बाजूला ठेवल्या आणि त्याची खंत मला अजून आहे. एक्सचेंजच्या आवारात "पैसे दुप्पट करून देतो" म्हणून ओरडणारे असतात, त्यांच्यापासून नवा माणूसही पटकन सावध होतो. क्लॅनमधला आपुलकीने बोलणारा माणूस ओळखणं अवघड असतं.

काहीजण शेवटी चाचरत विचारतात, बाहेरून विकत घेतले तर? नियमात बसणारा एकच रस्ता आहे, बाँडचा. खऱ्या पैशांनी बाँड घ्यायचा आणि खेळात दुसऱ्याला विकायचा. त्याला १४ दिवसांची मेंबरशिप मिळते, तुम्हाला नाणी. मी स्वतः हे उलट्या बाजूने करतो: नाण्यांनी बाँड घेतो आणि मेंबरशिप चालवतो. त्यात काही वावगं नाही.

बाकी बाहेरच्या विक्रेत्यांकडून सोनं, म्हणजे खेळातली नाणी, घेऊ नका. अकाउंट जाईल हे तर आहेच. पण मला जास्त आठवते ती जुनी गोष्ट. सोनं विकणाऱ्यांचा सुळसुळाट आणि चोरीच्या क्रेडिट कार्डांचे व्यवहार इतके वाढले की खेळ बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने २००७ च्या अखेरीपासून रूनस्केपमधली मुक्त देवाणघेवाणच बंद केली. मित्राला साधी तलवार भेट देणंही मुश्कील झालं. ती परत आली थेट फेब्रुवारी २०११ मध्ये. आज आपण खेळतो तो ओल्ड स्कूल ऑगस्ट २००७ च्या प्रतीवरून उभा केलेला आहे, म्हणजे त्या बंदीच्या आधीचा. सोनं विकणाऱ्या प्रत्येकाला चोर म्हणणंही मला जमत नाही. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथली कितीतरी माणसं याच खेळात तासन् तास हिरवे ड्रॅगन मारून, मिळालेलं सोनं विकून घर चालवत होती. आपला विरंगुळा त्यांची मजुरी होती. नियम नियमच राहतो, पण त्यांना शिव्या घालणाऱ्यांच्या सुरात मी सूर मिसळलेला नाही.

गेल्या महिन्यात ज्यांनी हाच प्रश्न विचारला त्यांच्याकडे ३०,००० नाणी होती आणि त्यांना झुल्राला जायचं होतं. आधी त्यांची क्वेस्टची यादी उघडून बघितली. 'घोस्ट्स अहॉय' बाकी होतं. दोन संध्याकाळी बसून त्यांनी ते केलं आणि उरलेल्या पैशांत जमेल तेवढं रॅनारचं बी आणि खत घेतलं. काल त्यांचा निरोप आला. एवढंच लिहिलं होतं: "फास्मॅटिसला नऊ निघाले. परत पेरलंय."