दाखल क्रमांक शोधताना

सांगलीत पावसाळ्यात पाऊस किती झाला असे कोणी विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असे विचारतात. १९२९ साली खुल्या झालेल्या कृष्णेवरच्या त्या आयर्विन पुलाजवळचा पाण्याचा आकडा ४० फुटांवर गेला की इशारा, ४५ फुटांवर गेला की धोका, आणि त्यापुढे शहरातल्या प्रत्येक गल्लीचा आपापला आकडा असतो, जो त्या गल्लीतल्या लोकांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ असतो. गावभागातल्या ज्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करते, त्याच्या पायरीचा आकडा आमच्या शिपायांना, म्हणजे अण्णांना, पाठ होता. मला मात्र तो त्यांना विचारावा लागत असे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोयनेतून आणि वारणेतून पाणी सुटत होते, हरिपूरच्या संगमावर वारणेचे पाणी कृष्णेला तुंबवत होते आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. ५ तारखेच्या सोमवारी आम्ही तळमजला आवरायला घेतला. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण तैलरंगाने काढून ठेवलेली आहे, जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर. ती खूण प्रमाण मानून मी प्रत्येक कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे करून घेतले आणि ती पुस्तके वरच्या कप्प्यांत दाटीवाटीने आणि काही कपाटांच्या माथ्यावर रचून ठेवली. हा निर्णय सर्वस्वी माझा होता. अण्णा मात्र पुस्तकांना हात न लावता आधी वह्या वर न्यायला लागले : ग्रंथांची दाखलनोंद वही, सभासदांचे अर्ज, देवघेवीची खातेपुस्तके आणि पावतीपुस्तके. पुस्तके खाली असताना हे आधी कागद का वाहत बसले आहेत म्हणून मी त्यांच्यावर थोडी चिडलेसुद्धा. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, पुस्तकं परत घेता येत्यात. वही परत लिहिता येत न्हाई."

त्या वेळी आयर्विनचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. २००५ च्या पातळीपेक्षा ते साडेतीन फुटांहूनही अधिक होते, म्हणजे आमच्या तळमजल्यात माणूस बुडेल एवढे. १२ ऑगस्ट हा भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस आम्ही दर वर्षी ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. त्या वर्षी त्यांची तसबीर वरच्या मजल्यावर सुखरूप होती आणि वाचनालयाचे दार पाण्यात होते.

मला ज्या दिवसाविषयी लिहायचे आहे तो १९ ऑगस्टचा सोमवार. पाणी ओसरून काही दिवस झाले होते, रस्त्यावर गाद्यांचे आणि फुगलेल्या प्लायवूडचे ढीग होते, वीज आलेली नव्हती आणि ब्लीचिंग पावडरचा वास चिखलाच्या वासावर मात करू पाहत होता. आदल्या दिवशी तळमजल्यावरचा गाळ बऱ्यापैकी निघाला होता. आता कपाटे उघडायची होती.

भिजलेले पुस्तक फुगते हे मला माहीत होते, पण घट्ट रचलेला अख्खा कप्पा फुगतो तेव्हा काय होते हे मी पाहिले नव्हते. लोखंडी कपाटांच्या बाजू बाहेर आल्या होत्या, दारे बिजागरीत अडकली होती, आणि आत पुस्तके एकमेकांत अशी रुतली होती की एखादे ओढायला गेले तर कणा हातात येई आणि पाने आत राहत. मी वरच्या कप्प्यांत केलेली ती दाटीवाटी आता पहारीने सोडवावी लागत होती. गुळगुळीत कागदाची चित्रमय पुस्तके तर साबणाच्या वडीसारखी एकजीव झाली होती. त्या कागदावरचा थर ओला होऊन पुन्हा सुकला की पाने सुटतच नाहीत. बालविभागाचे जवळजवळ सगळे तसेच गेले.

फेकून द्यायचे म्हटले तरी ते सोपे नसते. अनुदानित वाचनालयाचे पुस्तक म्हणजे जडसंग्रहातली (डेड स्टॉकमधली) वस्तू. यादी केल्याशिवाय आणि कार्यकारी मंडळाचा ठराव झाल्याशिवाय ते कमी करता येत नाही. त्याला आमच्या भाषेत निर्लेखन म्हणतात, आणि यादीत प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयात आल्यावर दाखलनोंद वहीत त्याला मिळालेला क्रमांक, लागतो. आता लगदा झालेल्या पुस्तकाचा क्रमांक कुठून आणायचा? मुखपृष्ठ गेलेले, शीर्षक पानावरच्या शिक्क्याची जांभळी शाई पसरून पानभर ढग झालेला. पण बहुतेक वाचनालये पुस्तकाच्या आतल्या एका ठरलेल्या पानावर क्रमांक पुन्हा लिहून ठेवतात. ते गुप्त पान (आमचे कोणते ते सांगत नाही, गुप्तच राहू दे) बहुधा पुस्तकाच्या पोटात असल्यामुळे वाचलेले असे. फाउंटन पेनाने लिहिलेले जुने आकडे वाहून गेले होते, बॉलपेनाचे टिकले होते, आणि पेन्सिलीने लिहिलेले तर काल लिहिल्यासारखे होते. हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून, मी लगद्यात बोट घालून ते पान शोधत होते आणि आमचा लिपिक शेजारी बसून आकडा लिहून घेत होता.

जी वाचवण्याजोगी होती, विशेषतः जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड, ती उघडून न पाहता बाजूला ठेवायची असे मी ठरवले होते. ओल्या कागदाला ऑगस्टच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि ती थांबवायची तर थंडी लागते. वास्तविक शून्याखाली कितीतरी अंश हवे. पण बुरशीचा वेग कमी करायला शून्याच्या जरा वरची थंडीसुद्धा उपयोगी पडते आणि सांगली परिसरात तिची वानवा नाही, कारण आमच्याकडे बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज आहेत. आमचे एक सभासद त्या व्यवसायातले. त्यांनी शीतगृहातल्या एका मोकळ्या कोपऱ्यात चार अंश तापमानाला आमची खोकी ठेवून घेतली. अट एवढीच, की खोकी प्लॅस्टिकमध्ये पक्की बांधलेली असावीत, कारण चिखलाचा वास बेदाण्याला लागला तर त्यांचा व्यापार बसेल. तिथून दहा-दहा खंड आणून आम्ही पुढे दोन महिने वाळवत होतो.

दुपारपर्यंत वाचनालय अधिकृतपणे बंद होते. पण दार उघडे होते, आणि गावभागातल्या माणसाला उघड्या दारातून आत येऊन चौकशी करायची सवय असते. पहिल्यांदा आले ते आमचे नेहमीचे वृत्तपत्र वाचक, एक निवृत्त शिक्षक. पेपर आला आहे का असे त्यांनी विचारले, चोहीकडे पाहिले आणि न बोलता एक घमेले उचलले. मग स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आली. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका शाबूत होती आणि आठवडाभर गावाबाहेर अडकल्यामुळे त्यांची वह्या-पुस्तके तिथेच होती. त्यांनाही आम्ही कामाला लावले.

साडेबाराच्या सुमारास एक बाई पिशवीत ओला कागद घेऊन आल्या. कागद म्हणजे त्यांच्या घराचे खरेदीखत. "तुमच्याकडं पुस्तकं वाळवतात म्हणं, ह्येबी वाळंल का?" त्यांनी ते चुलीजवळ धरून पाहिले होते आणि एक कोपरा करपला होता. आम्ही मधे कोरा कागद घालून, वर वजन न देता, सावलीत सुकवायला ठेवले. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या दस्तावर उतरते, म्हणून एका छापखान्याने रिळाचा उरलेला कोरा कागद आम्हाला दिला होता. तासाभरात त्यांच्या शेजारीण आल्या, मग शेजारणीची जाऊ. चार वाजेपर्यंत वरच्या मजल्यावरची टेबले, खुर्च्यांच्या पाठी आणि अभ्यासिकेत ताणलेली सुतळी रेशनकार्डांनी, बँकेच्या पासबुकांनी, जातीच्या दाखल्यांनी आणि दहावीच्या गुणपत्रकांनी भरून गेली होती.

लॅमिनेशन केलेल्या गुणपत्रकांची सर्वांत वाईट गत होती. एका कडेने पाणी आत गेलेले आणि बाहेर पडायला वाट नाही. कडा कात्रीने हळूच कापून प्लॅस्टिक उचलले तर कागद सुकतो, पण जिथे चिकटला असेल तिथे अक्षरांसह निघून येतो. एका मुलीच्या गुणपत्रकावर हे करताना माझा हात थरथरत होता, ती स्वतः मात्र शांतपणे म्हणाली, "कापा मॅडम, असंपण काय दिसत नाहीये." नाव आणि बैठक क्रमांक तेवढे शाबूत राहिले. लग्नाचे फोटो घेऊन आलेल्या एका जोडप्याला आम्ही ते स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवून अलग करायला शिकवले. पुरातून वाचवलेला फोटो पुन्हा पाण्यात घालायला त्यांचे मन होईना, आणि त्यांना दोष कसा द्यावा?

कागदांची ही घाई उगाच नव्हती. शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना सानुग्रह अनुदान जाहीर केले होते : शहरी भागात १५ हजार, ग्रामीण भागात १० हजार, त्यातले ५ हजार रोख आणि उरलेले बँक खात्यात. त्यासाठी पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला आधार, रेशनकार्ड, पासबुक यांच्या प्रती हव्यात. अभ्यासिकेतल्या मुलांनी जिन्याच्या तोंडाशी एक टेबल टाकले आणि लोकांना अर्ज लिहून द्यायला सुरुवात केली. राज्यव्यवस्थेची प्रश्नपत्रिका सोडवणारी ही मुले तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार ही उतरंड कोणत्या कामाला कुठे लागते हे त्या दुपारी प्रत्यक्ष शिकली.

पाचच्या पुढे एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्या रांगेत थांबल्या नाहीत, सरळ माझ्यासमोर येऊन त्यांनी पदराखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. आत मुलांचे एक गोष्टींचे पुस्तक होते, म्हणजे एके काळी होते. "नातवाच्या नावावर नेल्यालं. भिजलं. पैसं भराय आले."

मागे अण्णा आणि दोन मुले त्याच बालविभागातला लगदा घमेल्याने ट्रॉलीत टाकत होती. बाईंना ते दिसत होते. तरीही त्यांनी कनवटीला बांधलेल्या नोटा सोडायला घेतल्या. मी म्हटले, "मावशी, राहू द्या, आमचीच सगळी गेली." त्यावर त्यांचे उत्तर असे, की तुमची तुमच्याकडं गेली, हे आमच्याकडं गेलं. या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

निदान नोंद तरी बघावी म्हणून मी वरून खातेपुस्तक मागवले. नातवाचे पान निघाले. वरच्या ओळीत पत्ता, खाली जून २०१७ पासूनची देवघेव : एक पुस्तक न्यायचे, आठ-दहा दिवसांनी परत करायचे, परीक्षेच्या दिवसांत खंड, मे महिन्यात जवळजवळ रोज. शेवटची नोंद ३ ऑगस्ट २०१९. पत्ता वाचून मी सहज विचारले, की पंचनामा झाला का? त्यावर त्या खुर्चीत बसल्या.

झाले होते असे, की पाणी चढायला लागल्यावर त्या नातवाला घेऊन तासगावच्या बाजूला लेकीकडे गेल्या होत्या. पथक गल्लीत आले तेव्हा खोलीला कुलूप होते. भाडेकरार लेखी नव्हता, वीजबिल मालकाच्या नावाचे, रेशनकार्ड माहेरच्या गावचे. खोलीत कोणी राहत नाही असे कोणीतरी सांगितले आणि त्यांचे नाव यादीत आले नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पुस्तकाचे पैसे किती हे विचारताना जो आवाज होता तोच हाही होता.

माझ्यासमोर उघड्या पानावर त्या खोलीचा पत्ता होता आणि त्या पत्त्यावरचा एक मुलगा दोन वर्षे वाचनालयात येत होता याच्या तारखा होत्या, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या. सभासद काय वाचतो हे वाचनालय कोणाला सांगत नाही. तो नियम मी आजवर मोडलेला नाही. म्हणून पत्रात पुस्तकांची नावे न देता एवढेच लिहिले, की अमुक बालसभासदाचा आमच्या दप्तरी अमुक पत्ता नोंदलेला असून त्याची देवघेव जून २०१७ ते ३ ऑगस्ट २०१९ या काळात सलग सुरू आहे, आणि हे पत्र त्याच्या आजीच्या विनंतीवरून दिले आहे. अध्यक्षांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "शिक्का आहे ना कोरडा?" शिक्का अण्णांनी पावतीपुस्तकाबरोबर वर नेला होता.

(गल्लीतल्या यादीतून राहून गेलेल्यांसाठी पुढे पंचनाम्याची दुसरी फेरी झाली तेव्हा शेजाऱ्यांच्या जबाबासोबत ते पत्र जोडले गेले आणि बाईंचे नाव लागले. त्यानंतर तशी अकरा पत्रे मी दिली, आणि ज्यांची नोंद आमच्याकडे नव्हती अशांना त्याहून कितीतरी अधिक वेळा नाही म्हटले.)

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नाशीच्या पुढे गेले, तोवर आम्ही पुस्तके कायमची वर हलवली होती. तळमजल्यावर आता फक्त वर्तमानपत्रे, लाकडी बाके आणि एक मोठे टेबल असते. आकडा ३५ झाला की उरलेसुरले उचलायचे असे ठरले आहे, आणि २००५ च्या रेघेच्या वर २०१९ ची रेघ काढली आहे, जी मला दिवसातून दहा वेळा दिसते. वह्या अजूनही अण्णाच पहिल्यांदा उचलतात.

त्या संध्याकाळी पत्र हाती पडल्यावर बाईंनी पुन्हा नोटा पुढे केल्या. मी नको म्हटले, अण्णांनीही नको म्हटले. मग त्यांनी पुस्तकाच्या पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग तसं लिहून द्या." त्या आठवड्यात कागद नसला की काय होते हे त्यांनी पुरते पाहिले होते. मी आधी त्या लगद्यातले गुप्त पान शोधले, दाखल क्रमांक यादीत घेतला आणि शेरा लिहिला, 'सभासदाकडे असताना पुरात नष्ट'. मग पावतीपुस्तक ओढले, त्यावर नातवाचे नाव, सभासद क्रमांक आणि तारीख घातली आणि रकमेच्या जागी लिहिले : येणे बाकी निरंक. बाईंनी ती पावती मुलांपैकी एकाकडून वाचून घेतली, दोन घड्या घातल्या आणि पत्राबरोबर त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला निघाल्या. पिशवी ओली होती म्हणून आम्ही त्यांना दुसरी दिली.