टेस्ट बटणाला वाजतंय, काट्यावर वाजत नाही

सांगलीजवळच्या एका वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस लायनीत असतात, वजन झालं की बाहेरच्या भोंग्यावर "गाडी पुढं घ्या" वाजायला पाहिजे, नाहीतर ड्रायव्हर काट्यावरच थांबतो, मागची लाईन ठप्प आणि क्लार्कला दारात येऊन ओरडावं लागतं.

यंदा झालं असं की सेटिंगमधलं टेस्ट बटण दाबलं की आवाज खणखणीत, पण खरं वजन आलं की एकदम गप्प. एरर नाही, काही नाही.

प्रोग्रॅम सी शार्पचा, आवाजासाठी विंडोजच्या विनएमएम डीएलएल या लायब्ररीतलं एमसीआय-सेंड-स्ट्रिंग हे फंक्शन थेट कॉल केलंय (त्याला ओपन, प्ले, क्लोज असे हुकूम द्यायचे), कारण विंडोजच्याच प्लेसाउंड फंक्शनला फक्त वेव्ह फाईल चालते आणि आमच्या एमपीथ्री. एमसीआय-सेंड-स्ट्रिंग चुकलं तरी एक्सेप्शन टाकत नाही, म्हणजे प्रोग्रॅम अडवून चूक दाखवत नाही, नुसता आकडा परत देतं, 0 आला तर ओके. कोडमध्ये तो आकडा कुणी बघतच नव्हतं! लॉगमध्ये लिहून घेतला तर 263, म्हणजे या नावाचं डिव्हाइस उघडलेलंच नाही. पण ओपन तर फॉर्म, म्हणजे प्रोग्रॅमची खिडकी, लोड होतानाच केलेलं आणि तिथं 0 आलेला.

गोम थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वेगवेगळ्या धाग्यांत. ज्या थ्रेडनं डिव्हाइस उघडलं त्यालाच त्याचं एलियस, म्हणजे उघडताना दिलेलं नाव, ओळखू येतं. टेस्ट बटण यूआय थ्रेडवर, म्हणजे खिडकी-बटणं सांभाळणाऱ्या थ्रेडवर चालतं, पण काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) सिरीयल पोर्टवर आहे आणि त्याचा डेटा-रिसिव्ह्ड इव्हेंट दुसऱ्याच थ्रेडवर येतो, तिथनं प्ले म्हटलं की 263. प्लेचा कॉल बिगिन-इन्व्होकनं यूआय थ्रेडवर ढकलला आणि भोंगा वाजला.

प्लेला "फ्रॉम 0" जोडा, नाहीतर फाईल एकदा संपल्यावर परत वाजत नाही.

फाईलचं नाव मराठीत असेल तर अजून एक बघा. डीएलएल-इम्पोर्टमध्ये (कोडमधल्या ज्या ओळीनं हे फंक्शन जोडतो तिथं) कॅरसेट, म्हणजे अक्षरांचा संच, दिला नाही तर सी शार्प जुना अ‍ॅन्सी संच धरतं, देवनागरीची सगळी प्रश्नचिन्हं होतात आणि 275 येतो, फाईल सापडली नाही. तिथं कॅरसेट युनिकोड द्या, आणि नावात स्पेस असेल तर पाथ डबल कोट्समध्ये.

क्लोजसुद्धा त्याच थ्रेडवरनं करा, न करता परत ओपन केलं की 289, एलियस आधीच वापरात. आकडे पाठ करायची गरज नाही, एमसीआय-गेट-एरर-स्ट्रिंगला आकडा दिला की ते अख्खं वाक्य देतं, मी तेच लॉगमध्ये टाकलंय, आता काही अडलं की काट्यावरचा पोरगा फोनवर वाचून दाखवतो.