नांदीपुरता बंद ठेवलेला माईक

साउंडच्या धंद्यात मला वीस वर्षे झाली आणि लग्नाच्या हॉलपासून क्रीडासंकुलापर्यंत सगळीकडे मी आवाज मोठा करण्याचेच पैसे घेत आलो. गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये नाट्यसंगीताच्या एका मैफलीचे काम मिळाले, त्या संध्याकाळी मात्र सुरुवातीचा काही वेळ मी हाताची घडी घालून उभा होतो.

माझ्या वडिलांच्या लेखी ही वास्तू म्हणजे टॉकीज. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाऊन मॅटिनी पाहायची जागा, एवढीच त्यांची तिच्याशी ओळख. पण मुळात ती नाटकासाठी उभी राहिली होती. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी काराका यांनी 1908 मध्ये तिची कल्पना मांडली, आणि बांधकाम पुरे व्हायच्या आतच, 1911 मध्ये, पाचव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटनही उरकले. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर याच रंगमंचावर गायले. मग बोलपट आला. ‘आलम आरा’ 1931 मध्ये याच गिरगावात, मॅजेस्टिकमध्ये लागला होता, आणि त्यानंतर चारच वर्षांत ऑपेरा हाऊसचेही चित्रपटगृह झाले. 1952 मध्ये ते गोंडलच्या महाराजांकडे गेले आणि 1993 मध्ये बंद पडले. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन 2016 मध्ये दारे उघडली, तेव्हापासून तिथे मैफली, नाटके आणि समारंभ होतात.

आमच्या धंद्यातल्या माणसाला यातला 1935चा बदल सर्वांत मोठा वाटतो. बोलपटाचा आवाज पडद्यामागच्या कर्ण्यांतून येतो आणि लागेल तेवढी गुंज ध्वनिमुद्रणात आधीच भरलेली असते, म्हणून चित्रपटगृह जितके ‘कोरडे’ तितके चांगले; नाटकगृहाला मात्र नटाचा उघडा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत वाहून न्यायचा असतो, म्हणून तिथल्या भिंती, सज्जे आणि छत या सगळ्यांना त्या आवाजात थोडी भर घालावी लागते. सिनेमाच्या काळात काढून टाकलेले रंगमंचालगतचे बॉक्स, म्हणजे प्रेक्षकांना बसायचे छोटे सज्जे, जीर्णोद्धारात पुन्हा बांधले आहेत. बहुतेक लोक त्यांचा सोनेरी नक्षीकाम म्हणून फोटो काढतात. मला त्यांत आवाज विखुरणारे उंचसखल पृष्ठभाग दिसतात. असो.

दुपारी चारला तालीम सुरू झाली आणि आमच्या यंत्रणेत हम आला. पन्नास हर्ट्झची ती घूं-घूं म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंगची भानगड. सगळ्या केबल बदलल्या, ऑर्गनचा माईक काढून पाहिला, तरी ती जाईना. गायिका सत्तरी ओलांडलेल्या होत्या. पंधरा मिनिटे त्या शांत बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अरे, ते बंद कर सगळं. नांदी मी तशीच म्हणते, तू वर जाऊन ऐक.”

मी सर्वांत वरच्या बाल्कनीत जाऊन मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ताईंनी ऑर्गनवाल्याला हातानेच आवाज कमी करायला सांगितला आणि सूर लावला. तो मोठा नव्हता. पण प्रत्येक व्यंजन सुटे ऐकू येत होते, सम गाठण्यापूर्वी त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा, आणि त्याखाली ऑर्गनच्या भात्याची बारीक करकर. खाली आलो तरी माझी शंका गेली नव्हती, कारण रिकाम्या सभागृहाचा भरवसा कधीच धरता येत नाही. माणसांचे कपडे आणि अंगे आवाज पिऊन टाकतात.

“ताई, खुर्च्या भरल्या की आवाज निम्मा होईल.”

“खुर्च्या भरलेल्या असतानाच गात आले मी आजवर. रिकाम्यांपुढे कोण गातं?”

हमचे मूळ प्रयोगाला अर्धा तास असताना सापडले: आमच्याच भाड्याच्या एका डिमरची, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची, लाईन साउंडच्या लाईनवर जोडली गेली होती. दोन्ही वेगळ्या केल्या आणि सगळे स्वच्छ झाले. मी मोठ्या उत्साहाने ही बातमी घेऊन आत गेलो, तर ताई म्हणाल्या, नांदीला आणि पहिल्या पदाला माईक नकोच.

पडदा उघडला तेव्हा माझी बोटे फेडरवर, म्हणजे माईकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर होती. बहुतेक सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. आवाज तालमीपेक्षा खरोखरच कोरडा झाला, पहिल्या दोन ओळींना कुठेतरी खोकलाही उठला, आणि मी फेडर वर ढकलणार इतक्यात लक्षात आले की सभागृहातली कुजबुज थांबली आहे. लोक पुढे झुकून ऐकत होते. माईक चालू असताना मी असे झुकलेले प्रेक्षक क्वचितच पाहिले आहेत. तसा मी फेडरवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या पदापासून मी माईक उघडला, तोही इतका हळू की शेजारी बसलेल्या माझ्या मदतनिसाला तो कधी चालू झाला हे कळले नाही. मैफल संपल्यावर आयोजकांनी हसत विचारले, “मग बिल थोडं कमी करणार ना?” बिल मी पूर्ण लावले, डिमरचे भाडे तेवढे वगळले.