छाटणीच्या आधी

पिंपळगावहून निघाल्यावर

द्राक्षवाल्याच्या घरात सुट्टी कॅलेंडर बघून मिळत नाही, बाग बघून मिळते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत माल उतरवायची घाई. पावसाळ्यात डाऊनी-करपा या रोगांच्या मागे फवारणी. सप्टेंबरच्या मध्यावर मात्र थोडी उसंत असते. ती पकडून या वेळी निघालो. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जा बिनधास्त, फवारणीचं मी बघतो." लेकीने पुण्याहून फोनवर रस्ता समजावला. चितकुल हे नावही तिनेच काढलं. हिमाचलच्या किन्नौरमधलं बास्पा नदीवरचं शेवटचं गाव, उंची ३,४५० मीटरच्या आसपास.

मुंबई-आग्रा रस्ता आमच्या दारावरून जातो म्हटलं तरी चालेल. रात्री त्याचा आवाज ऐकतच पोरं मोठी झाली. पण आम्ही दोघं धुळ्याच्या पुढे त्याच रस्त्याने कधी गेलो नव्हतो. सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात कांद्याचे ट्रक रांगेत चढत होते. देवीला गाडीतूनच हात जोडले. गाडी हे चालवत होते. डोंगर लागला की मी घ्यायची हे आधीच ठरलेलं, कारण यांची कंबर वळणावळणाच्या रस्त्याला दाद देत नाही.

चंदीगड, रात्री

मधल्या रस्त्याचं काही लिहिण्यासारखं नाही. एवढंच लिहून ठेवते की हे माणूस गाडीत काय बोललं. निमाडात म्हणाले, "कापूस." माळव्यात, "सोयाबीन. पिवळं पडलंय." मुरैन्याच्या बाजूला, "बाजरी." हरियाणात शिरल्यावर, "भात. पाणी किती लागत असेल!" हे सगळ्यात लांब वाक्य.

मला त्याचं वाईट वाटत नाही. घरीही हे असेच आहेत. जेवताना फार तर "मीठ" म्हणतात, आणि ते कमी आहे की जास्त हे आपण ओळखायचं. पण दीड हजार किलोमीटर एका डब्यात शेजारी बसून असं वाटतं, की या माणसाकडे बोलायला काही नाहीच, की आहे पण माझ्यासाठी नाही?

नारकंडा

परवाणूपासून गाडी माझ्या हातात. चौपदरीकरणासाठी डोंगर इतका उभा कापलाय की वरची झाडं मुळं उघडी टाकून लटकल्यासारखी दिसतात. पावसाळ्यात यातलं बरंच खाली रस्त्यावर येतं, ठिकठिकाणी मातीचे ढीग अजून तसेच होते. माझ्या मागे लागलेल्या टॅक्सीवाल्यांना माझा वेग पसंत नव्हता. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा आपल्या घाटातला नियम इथेही चालतो, फक्त इथे लोक तो खरंच पाळतात.

सिमला बाजूला टाकून नारकंड्याला मुक्काम. संध्याकाळी सिड्डू खाल्ला. वाफवलेला जाडजूड भाकरीसारखा प्रकार, आत सारण, वरून तुपाची धार. हे दोन खाऊन म्हणाले, "चांगलं आहे." नोंद घेण्याजोगी गोष्ट.

इथून थोडं खाली उतरलं की ठाणेदार-कोटगढ. तिकडे सकाळी मुद्दाम गेलो, कारण यांनी कुठेतरी वाचलं होतं की हिमाचलच्या सफरचंदाची गोष्ट तिथे सुरू होते. सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन तरुण कुष्ठरोग्यांची सेवा करायला या डोंगरात आला आणि इथलाच झाला. इथल्याच मुलीशी लग्न केलं, १९१६ च्या सुमारास अमेरिकेहून रेड डिलिशसची रोपं आणून लावली, १९२१ मध्ये असहकारात इंग्रजांच्या तुरुंगात गेला, आणि पुढे हिंदू होऊन सत्यानंद झाला. त्याच्या रोपांआधी इंग्रजांनी आणलेली सफरचंदं आंबट होती, बाजारात त्यांना कुणी विचारत नव्हतं. गोड जात आली आणि सगळा डोंगर फिरला. हे बराच वेळ उतारावरच्या बागांकडे बघत उभे होते. आमच्याकडे थॉमसन जातीचं द्राक्ष आलं तेव्हाही असंच झालं असणार, असं मला वाटलं. मी बोलले नाही. म्हटलं, बघू, हे बोलतात का.

नाही बोलले.

सांगला

रामपूरला खाली सतलजच्या काठावर चांगलंच उकडत होतं. टाकी भरली आणि पुढे निघालो. ज्यूरी सोडल्यावर रस्ता कड्यात शिरतो, काही ठिकाणी वरचा खडक गाडीच्या टपावर छत धरून असतो. निगुलसरीजवळ मी रेडिओ बंद केला. २०२१ च्या ११ ऑगस्टला इथे दरड कोसळून एसटीसारखी सरकारी बस आणि इतर गाड्या दबल्या, २८ माणसं गेली. तरंडा देवीच्या देवळाशी सगळे ड्रायव्हर थांबतात, आम्हीही थांबलो. एरवी देवळात मागेच राहणारे हे इथे माझ्या आधी आत गेले.

करछमला सतलज सोडून बास्पाच्या खोऱ्यात वळायचं. इथे धरण आहे, वांगतूपर्यंत डोंगराच्या पोटातून बोगद्याने पाणी नेऊन वीज करतात. वळणावर खाली बघितलं आणि पुढचा तासभर फक्त रस्ता बघितला. समोरून बस आली की मी थांबायची आणि तिने माझ्या आरशाला न लागता जायचं. ती जायची. त्या चालकांना मनातल्या मनात नमस्कार केला.

सांगल्यात सफरचंदाचा हंगाम ऐन भरात होता. आम्ही उतरलो त्या घरामागेच बाग. घरमालक साठीचे, हिरव्या मखमली पट्टीची टोपी, बोलणं सावकाश. चहा झाल्यावर यांनी विचारलं, "भाईसाहब, बाग देख सकते हैं?"

आणि मग मी जे ऐकलं त्यासाठीच ही वही उघडली आहे.

जुनी झाडं मोठी, पसरलेली. पण वरच्या पट्टीत त्यांनी नवी लागवड केलेली, झाड बुटकं ठेवणाऱ्या खुंटावरची कलमं, जवळजवळ, लोखंडी खांब आणि तारा. हे तिथेच थबकले. "अहो, ही तर आपली बाग आहे!" मला म्हणाले, मग त्यांच्याकडे वळले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सुरू झाले. आमच्याकडे वेल चढवायला इंग्रजी वायच्या आकाराचा आधार असतो, मांडव असतो, एकरी किती तार लागते, खांबाला काय भाव पडतो. त्यांनी सांगितलं की सफरचंदाला थंडी मोजून लागते, ७ अंशांखाली हजारेक तास. बर्फ कमी पडलं की फुलोरा बिघडतो. एकट्या रॉयल जातीने भागत नाही, मध्ये मध्ये गोल्डन ही दुसरी जात लावावी लागते, परागासाठी, आणि फुलं येतात तेव्हा मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. हे ऐकून हे हसले. द्राक्षाला माशी नाही लागत, म्हणाले, त्याचं त्याचंच जमतं. गारांसाठी जाळी दोघांकडे. आढत्याने पैसे बुडवल्याच्या गोष्टी दोघांकडे. पेटीचं भांडण दोघांकडे: इथे आधी खोक्यात कोंबून तीस-तीस किलो भरायला लावायचे आणि भाव मात्र खोक्याचा द्यायचे, २०२४ पासून सरकारने एकाच मापाची पेटी सक्तीची केली, वीस किलोच्या आसपासची. त्यावर हे अर्धा तास बोलले. मी क्रेटवर बसून घड्याळ बघितलं होतं, म्हणून माहीत आहे.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे गारा कधी.

"दो हज़ार चौदह," हे म्हणाले. "फरवरी-मार्च. माल तैयार था. सब गिर गया." जरा थांबले. "उस साल मैंने कुएँ के पास वाला टुकड़ा बेचने की बात कर ली थी. दलाल से. बयाना लेना बाकी था."

घरमालकांनी मान हलवली. त्यांना त्यात नवल नव्हतं. मी क्रेटवर बसलेली. विहिरीकडचा तुकडा. तिथला पहिला वेल सासऱ्यांनी लावलेला, तिथेच मी डबा घेऊन जायचे, पोरांचे झोके तिथल्या बाभळीला. तो विकायचं ठरत आलं होतं आणि मला ते इतक्या वर्षांनी, किन्नौरात, हिंदीतून कळत होतं.

चितकुल

सांगल्याहून निघताना बटसेरीचा पूल दिसला. २०२१ च्याच जुलैमध्ये वरून सुटलेल्या दगडांनी इथे पर्यटकांच्या गाडीवर मारा केला होता, नऊ जण गेले, पूल तुटला. तो व्हिडिओ आमच्या गावातही सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. पुढे रकछमपासून दरी मोकळी होते, देवदार विरळ होतात आणि भूर्ज दिसायला लागतात.

चितकुल "शांत" आहे असं सगळे सांगतात. दुपारी ते शांत नव्हतंच. "आखिरी ढाबा" लिहिलेल्या पाटीपुढे फोटोसाठी रांग, एका टोळक्याच्या गाडीत गाणी. चार वाजता सगळे परत फिरले. त्यानंतरही जी शांतता म्हणतात ती नव्हती, नदीच एवढी गाजते की बोलताना आवाज चढवावा लागतो. आणि गावाला तर बसायला वेळच नाही. छपरांवर जनावरांसाठी गवत वाळतंय, भिंतीला सरपण रचलं जातंय, लाकडी कोठारांची दारं उघडी. बर्फ पडलं की बरीचशी माणसं खाली जातात. जी राहतात त्यांना हेच पुरवून वापरायचं. आपण ज्याला शांत गाव म्हणतो तिथे सगळे आपापल्या कामात असतात, आपल्याला काम नसतं एवढाच फरक.

माथी देवीचं देऊळ लाकडी, कोरीव. बाहेरूनच दर्शन घेतलं. बाहेरच्यांनी हात लावायचा नसतो.

रात्री दोन-दोन रजया. मी विचारलं, "दलालाशी बोलला होतात?"

"बोललो होतो."

"मला सांगितलं नाहीत."

बराच वेळ नदीच. मग म्हणाले, "तू रोज सकाळी टोपली घेऊन जायचीस. पडलेले घड उचलायला. त्यातला बेदाण्याला तरी किती होतो बघते म्हणायचीस. तुला काय सांगू?"

"मग विकला का नाही?"

"दलाल जागा बघायला आला त्या दिवशी तू तिथेच होतीस. वेलीखाली बसलेली. त्याला बांधावरूनच परत नेलं."

यावर मला प्रेम वाटायला हवं होतं बहुतेक. मला राग आला. माझ्यावर दया म्हणून तुकडा राहिला, की माझं मत न विचारता विकायला निघाला म्हणून चिडू, हे ठरेना. मी सांगितलं तसं. अंधारात सांगायला सोपं गेलं. हे म्हणाले, "बरोबर आहे तुझं." भांडायला तेवढ्याने जागा राहत नाही, हा यांचा जुना डाव आहे.

चितकुल, दुसरी सकाळ

नदीकडच्या पट्टीत बायका ओगला कापत होत्या. लालसर देठांचं, काळ्या तिकोनी दाण्यांचं पीक. उत्तरेत नवरात्रात कुट्टूचं पीठ म्हणून खातात ते हेच. मी नुसती बघत उभी राहिले तर एकीने विळा पुढे केला. त्यांचा विळा आपल्यापेक्षा लहान, पातळ. दोन ओळी कापल्या. त्या माझ्या पेंडी बांधण्यावर खळखळून हसल्या, एकीने सोडून पुन्हा बांधून दाखवली. भाषा कळत नव्हती, पण "हिला घरी कुणी शिकवलं नाही का" एवढं कळलं. नंतर त्यांनीच ओगल्याचं गरम धिरडं आणि खारा चहा दिला. धिरडं आवडलं. चहाबद्दल मौन.

हे बांधावर बसून होते. एक म्हातारी त्यांना काहीतरी विचारत होती, हे मान डोलवत होते. हेच तिला जमिनीचे भाव विचारत होते, नंतर कळलं. बाहेरच्या माणसाला इथे शेतजमीन घेता येत नाही, हिमाचलचा कायदाच तसा आहे. "बरं आहे," हे म्हणाले. "नाहीतर इथे एव्हाना फार्महाऊस झाले असते." आमच्या दिंडोरी रस्त्याची आठवण दोघांनाही आली, नाव कुणी काढलं नाही.

रामपूर, परतीच्या वाटेवर

उतरताना यांचं बोलणं वाढलंय. करछमपर्यंत बुटक्या खुंटाचं गणित, वांगतूपर्यंत पेटीचं. दोन किलो ओगल्याचं पीठ आणि सफरचंदाची एक पेटी मागच्या सीटवर, पट्टा लावून. हे दर वळणावर मागे वळून पेटी बघतात, खड्डे मात्र मीच बघायचे.

इथे जेवायला थांबलो तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. छाटणीची तारीख हवी, टोळी दुसरीकडे जाईल म्हणतो. यांनी एरवी जागच्या जागी तारीख दिली असती. या वेळी फोनवर हात ठेवला. "अगं, आधी कुठला घ्यायचा? घराकडचा की विहिरीकडचा?"

"विहिरीकडचा," मी म्हटलं. "आणि छाटल्यावर काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायचे पैसे एकरात धरलेत का वेगळे, ते आत्ताच विचारा. मागच्या वर्षी शेवटी भांडत बसला होता."