एसीएलचं ऑपरेशन झालंय? आधी गुडघा सरळ करा, मैदानाचं नंतर बघू

रिबाऊंडला (बास्केटला आपटून परतलेला चेंडू पकडायला) उडी मारली, एका पायावर उतरलो, आत ‘कट्’ असा आवाज आला. कुणी धक्कासुद्धा दिला नव्हता. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलेल्या बास्केटबॉलपटूंपैकी बहुतेक जण साधारण हेच सांगतात. पाऊल जमिनीला रोवलेलं, गुडघा जवळपास ताठ आणि आत झुकलेला, वर शरीर वळतंय: लिगामेंट तुटतं ते या क्षणी. पुढच्या दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, तर आत रक्त साठलंय असं धरून चाला.

कोल्हापुरात अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो तालमीत जाऊन चोळून घेण्याचा. थकलेल्या स्नायूंना मालिश बरी, पण रक्त भरलेला गुडघा चोळला की सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, क्रेप बँडेज, कुबड्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडून तपासणी. एमआरआय लागणार की नाही ते डॉक्टर सांगतील. गुडघा एका जागी अडकून सरळच होत नसेल, तर मेनिस्कसचा (सांध्यातल्या कुर्चेच्या गादीचा) तुकडा मध्ये आलेला असू शकतो. तिथे उशीर परवडत नाही. एरवी ऑपरेशनची घाई नसते. सूज उतरू द्या, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या, मांडीचा स्नायू जागा होऊ द्या, मग टेबलावर जा. आखडलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली की तो नंतर आणखी आखडतो.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात मोलाचे, आणि दुर्लक्ष होतं तेही त्यांच्याकडेच. वाकवण्याची चिंता सगळ्यांना असते, सरळ करण्याची कुणालाच नसते. घरचे मायेने गुडघ्याखाली उशी देतात, आराम वाटतो, आणि गुडघा पाच-दहा अंशांत वाकलेलाच राहतो. उशी काढा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी सोडा, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. सरळपणा लवकर परत आला नाही तर सांध्याच्या पुढच्या बाजूला जखमेची गाठ तयार होऊ शकते, आणि कधीकधी ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते. दोन पायांत तीन अंशांचा फरक राहिला तरी चाल बदलते.

त्याच्या जोडीला क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. सांध्यात सूज असली की मेंदू हा स्नायू बंद ठेवतो; नुसत्या इच्छाशक्तीने तो सुरू होत नाही. म्हणून गुडघा जमिनीकडे दाबून दहा सेकंद धरायचं, असं दहा वेळा, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. जमत नसेल तर फिजिओकडून विजेचं स्टिम्युलेशन घ्या. सरळ पाय उचलताना गुडघा जराही खाली लोंबला नाही, की मगच कुबड्या सोडा. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा टाक्यातून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मांडी घालून बसणं, देशी संडास, मोटरसायकलची किक: हे सगळं डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंद. मेनिस्कसही शिवलं असेल तर बंधनं अधिक कडक. बहुधा चार ते सहा आठवडे नव्वद अंशांपलीकडे वाकवायचं नसतं आणि वजन टाकण्यावरही मर्यादा असते. ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेलं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हॅमस्ट्रिंगचा असेल तर मांडीच्या त्या मागच्या स्नायूवर वजन लावून व्यायाम पहिले सहा-आठ आठवडे नको. वाटीखालच्या टेंडनचा असेल तर गुडघ्यावर टेकताना दुखणं बरेच दिवस राहतं.

खरा घात सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान होतो. दुखणं थांबलेलं, चालणं सुधारलेलं, रंकाळा तलावावर फेरी मारून आलं की वाटतं झालं आता. नेमका तेव्हाच ग्राफ्ट सगळ्यात कमजोर असतो, कारण बसवलेलं टेंडन आतून मरून नव्याने रक्तपुरवठा मिळवत असतं. या काळात खोल बैठका नकोत, धावणं नको. सायकल, लेग प्रेस, अर्धी बैठक, वीस सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं. आठ ते बारा रेप्सचे (आवर्तनांचे) तीन सेट, आठवड्यातून तीनदा. दुसऱ्या दिवशी सूज आली तर वजन जास्त झालं, इतकं साधं गणित आहे.

प्रथिनांत कंजुषी नको. सत्तर किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण 110 ग्रॅम लागतात. दूध कट्ट्यावरचं अर्धा लिटर म्हशीचं दूध त्यातले अठरा-वीस देतं, एक अंडं सहा.

तीन-चार महिन्यांनी, सूज शून्य आणि ताकद दुसऱ्या पायाच्या सत्तर टक्के असेल, तर धावणं सुरू: एक मिनिट पळा, एक मिनिट चाला. उड्या आधी दोन्ही पायांवर. उतरताना समोरून व्हिडिओ काढा. गुडघा आत पडत असेल तर उडीची उंची कमी करा. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचा धोका जास्त, त्यामुळे त्यांनी उतरण्याच्या सरावावर दुप्पट वेळ द्यावा.

परतीसाठी कॅलेंडर एकटं पुरत नाही, पण नऊ महिन्यांआधी स्पर्धेत उतरू नका. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे आणि अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परत जाणं प्रत्येक महिन्याने लांबवलं तसा पुन्हा दुखापत होण्याचा दर जवळपास निम्म्याने घटत गेला. एनबीए या अमेरिकन लीगमधल्या डेन्व्हर संघाच्या जमाल मरेचा गुडघा एप्रिल 2021 मध्ये गेला, एसीएलच तुटलं. पुढचा अख्खा हंगाम तो बाहेर बसला, आणि 2023 मध्ये डेन्व्हरसोबत विजेता झाला. सहाव्या महिन्यात जिल्हा स्पर्धा आहे म्हणून खेळाडूला उभं करणाऱ्या प्रशिक्षकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

चाचणी जिममध्येही होते. लेग एक्स्टेन्शनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायच्या मशीनवर) चांगल्या पायाने 40 किलो उचललं तर ऑपरेशनच्या पायाने किमान 36. एका पायावरची लांब उडी, तिहेरी उडी, दोन्हींत नव्वद टक्के. एक मेख अशी, की इतक्या महिन्यांत चांगला पायही अशक्त होतो, म्हणून ऑपरेशनआधीचे आकडे लिहून ठेवलेले असावेत. शिवाय उडी लांब गेली तरी गुडघा ताठ ठेवून, सगळा भार कमरेवर घेऊन उतरणारे बरेच असतात. अंतरासोबत उतरणंही बघा.

मैदानावर क्रम असा: जागेवर उभं राहून शूटिंग, मग एकट्याने ले-अप (धावत येऊन एका पायावरून उडत बास्केटजवळून चेंडू टाकणं) आणि जंप स्टॉप (उडी घेऊन दोन्ही पायांवर थांबणं), मग बचावातली पावलं आणि अचानक दिशाबदल, मग कुणीतरी अंगाला लागत असताना रिबाऊंड, शेवटी पाचास पाच. सुरुवातीला दहा मिनिटं, दर आठवड्याला थोडी वाढ. उजव्या हाताने ले-अप टाकणारा डाव्या पायावरून उडतो. डावा गुडघा ऑपरेशनचा असेल तर ही उडी वेगळी घोटवून घ्या. सिमेंटच्या कोर्टवर रोजच्या उड्या नकोत. पावसाळ्यात कोर्टवर शेवाळ असेल तर त्या दिवशी खेळूच नका, जिम गाठा. आणि संघात परतल्यावरही आठवड्यातून दोनदा मांडीचा व्यायाम चालूच ठेवायचा, निदान पुढची दोन वर्षं, कारण दुसरा गुडघा जाण्याचा धोकाही याच काळात मोठा असतो.