सोलर साइटवरून फायनान्सच्या एमबीएला? का बरं?

सध्या बी-स्कूलचे फॉर्म भरणं चालू आहे आणि एकच प्रश्न फिरून फिरून समोर येतोय, व्हाय फायनान्स. फॉर्ममध्ये विचारतात, इंटरव्ह्यूत विचारणार आहेत, आणि घरी आई रोज विचारते, फक्त ती त्याला "एवढं इंजिनिअरिंग केलंस ते कशाला मग" असं म्हणते. कॅटवाल्या जगात आमच्यासारख्यांना जीईएम म्हणतात, जनरल इंजिनिअर मेल, आणि ही जमात इतकी प्रचंड आहे की "मला लहानपणापासून शेअर मार्केटची आवड" हे वाक्य पॅनलने सकाळी चहाच्या आधीच दोन-चार वेळा ऐकलेलं असणार. तर ते मी लिहिणार नाहीये.

मी इलेक्ट्रिकलचा, सोलर प्रोजेक्टवर काम करतो, ऑफिस पुण्यात पण बराच काळ धुळ्याकडच्या साइटवर. तिथे कर्ज देणाऱ्या बँकेच्या वतीने एक टेक्निकल माणूस यायचा, त्याला लेंडर्स इंजिनिअर म्हणतात, आणि तो इन्व्हर्टर वगैरे बघायचाच पण त्याचा खरा जीव वर्षाला किती युनिट्स निघणार या आकड्यात असायचा. आम्ही रिपोर्टमध्ये पी-५० आणि पी-९० असे दोन आकडे देतो. पी-५० म्हणजे एवढी वीज निघायची शक्यता निम्मी-निम्मी, पी-९० म्हणजे एवढी तरी निघेलच याची ९० टक्के खात्री, त्यामुळे तो आकडा कमी असतो. मी ते सॉफ्टवेअरमधून काढून मेल करून मोकळा व्हायचो. नंतर कळलं की बँक किती कर्ज द्यायचं ते बहुतेक त्या पी-९० वरूनच ठरवते, त्यावर डीएससीआर लावते, म्हणजे वर्षाच्या हप्त्या-व्याजाला जेवढे पैसे लागतात त्याच्या किती पट पैसा प्रोजेक्टच्या हातात येतो ते. माझा एक आकडा बदलला की कर्जाची रक्कम बदलते, आणि मला त्याचा पत्ताच नाही!

मग मी त्या बाजूचं वाचायला लागलो. सोलरची गंमत अशी की कोळसा नाही, इंधनाचा खर्च शून्य, म्हणजे जवळपास सगळा पैसा सुरुवातीलाच ओतायचा आणि पुढची २५ वर्षं ठरलेल्या दराने वीज विकून तो वसूल करायचा, आणि त्या पैशातला साधारण ७०-७५ टक्के कर्जाचा. २०१७ मध्ये राजस्थानात भाडलाच्या लिलावात दर २.४४ रुपये युनिटपर्यंत उतरला, २०२० च्या शेवटी गुजरातच्या लिलावात तर १.९९. पॅनल्स स्वस्त झाली हे खरंच, पण पैसा स्वस्त नसता तर हे दर परवडलेच नसते. व्याज अर्धा-एक टक्का हललं की टॅरिफ, म्हणजे विजेचा दर, हलतो. म्हणजे ह्या धंद्यात कच्चा माल काय तर व्याजदर, आणि मी मात्र केबल ट्रेंच मोजतोय. बस्स, हेच माझं व्हाय फायनान्स.

हे कळल्यावर कॉलेजची यादी आपोआप छोटी झाली. फायनान्स म्हटलं की निम्म्या पोरांच्या डोळ्यांसमोर फक्त इन्व्हेस्टमेंट बँकिंग, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभं करून देणं वगैरे, असतं, आणि त्या जागा असतात मूठभर. प्रोजेक्ट फायनान्स, रेटिंग एजन्सी, बँकेतलं क्रेडिट, पॉवर किंवा यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सचा अभ्यास म्हणजे इक्विटी रिसर्च, इथे साइट बघितलेला माणूस खरंच कामाचा असतो पण त्याबद्दल कोणी स्टेटस टाकत नाही. एक वर्षाचे कोर्स, आयएसबी वगैरे, मी बाजूला ठेवले. नोकरीतून दोनऐवजी एकच वर्ष बाहेर राहायला लागतं हे चांगलंच आहे, पण त्यात समर इंटर्नशिप नसते आणि करिअर बदलणाऱ्याला तेच दोन महिने लागतात, नाहीतर सीव्हीवर फायनान्सचं काहीच नाही आणि कंपनी तुम्हाला परत ऑपरेशन्समध्येच टाकते. एसपी जैनला फॉर्म भरतानाच स्पेशलायझेशन निवडायला लागतं, ते मला आवडलं, पळवाट नाही. आणि चर्चगेटचं जमनालाल बजाज, त्यासाठी राज्याची सीईटी, फायनान्समध्ये नाव आहे आणि फी मोठ्या आयआयएमच्या मानाने खूपच कमी.

आईला समजवायला मी रघुराम राजनांचं उदाहरण दिलं, आयआयटी दिल्लीचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मग आयआयएम अहमदाबाद, मग एमआयटीची पीएचडी. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "ते ठीक आहे, तुझं सांग."

तर माझं सांगायला एक्सेल केलं. २० लाखांचं लोन, १० टक्क्यांनी, १० वर्षं, हप्ता येतो साधारण २६,४०० रुपये, एकूण परतफेड ३१-३२ लाखांच्या घरात, शिवाय कोर्स चालू असतानाचं व्याज साठतं ते वेगळं. शिक्षणाच्या कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये आठ वर्षं वजावट मिळते पण फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये, म्हणून दोन्ही कॉलम केले. दोन वर्षांचा बुडालेला पगार पण धरला, तो बरेच जण धरतच नाहीत आणि मग सगळं कसं मस्त दिसतं. बाबांनी शीट बघितलं आणि एकाच सेलवर बोट ठेवलं, "हा पगार कुठनं आणलास?" प्लेसमेंट रिपोर्टमधला ॲव्हरेज होता. वरच्या दोन-चार तगड्या ऑफर्सनी फुगलेला.

आता तिथे मीडियन, म्हणजे बरोब्बर मधल्या पोराचा पगार, तोही नाही, त्याच्याही खालचा, खालच्या पंचवीस टक्क्यांतल्या पोरांचा आकडा टाकलाय, जिथे रिपोर्टमध्ये मिळाला तिथे. बजाजचा हिशोब त्यातही बसतोय. एका महागड्या कॉलेजचा बसत नाहीये, त्याचा फॉर्म अर्धा भरून पडलाय आणि शेवटची तारीख रविवारी आहे, बघू.