सबटायटल्स झाकून फ्रान्स बघताना

फ्रेंच घेऊन बी.ए. करणारे 'सिनेमातून संस्कृती' हा पेपर जरा आराम म्हणून निवडतात. पिक्चर बघायचे, त्यावर लिहायचं, त्यात काय अवघड? पहिल्या अंतर्गत परीक्षेत कळतं. उत्तरपत्रिकेत कथानक अगदी बरोबर उतरलेलं असतं आणि मार्क निम्म्याच्या आत असतात. गोष्ट परीक्षकाला माहीत असते. त्याला हवं असतं ते गोष्टीच्या कडेला पडलेलं: कोण कोणाला अहो-जाहो करतं, शाळेत कोणाच्या हातात कसला अधिकार असतो, टॅक्सीतल्या रेडिओवर कुठली बातमी चालू आहे. पात्रं यातलं काही समजावून सांगत नाहीत, कारण त्यांना ते माहीतच असतं. हा पेपर मी पार पाडला तो हे न सांगितलेलं टिपायची एक पद्धत बसवून. तीच इथे मांडतो.

प्रत्येक चित्रपट दोनदा बघायचा, दोन वेगळ्या कामांसाठी. पहिल्यांदा इंग्रजी सबटायटल्स लावून, सलग, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा इंग्रजी बंद, फ्रेंच सबटायटल्स चालू, आणि चित्रपटाचे पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे. फ्रेंच डीव्हीडीवर कर्णबधिरांसाठीची सबटायटल्स असतील तर तीच घ्यावीत. त्यांत बहुधा रंगांचा संकेत असतो: बोलणारा पडद्यावर दिसत असेल तर अक्षरं पांढरी, चौकटीबाहेर असेल तर पिवळी, आवाजांचं वर्णन लाल, संगीत जांभळं. चौकटीबाहेरच्या जगाला फ्रेंच अभ्यासक 'ओर-शां' म्हणतात, त्यावर हमखास प्रश्न असतो, आणि पिवळी अक्षरं ते काम फुकटात करून देतात.

इंग्रजी सबटायटल्सवर गोष्टीपलीकडे विसंबू नये. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत साधारण चाळीस अक्षरं, एवढ्या जागेत संवाद कोंबायचा असतो. मग शिव्या, कोट्या, संबोधनं आणि सरकारी संज्ञा आधी कापल्या जातात. पेपर नेमका त्यांच्यावरच असतो.

दुसऱ्या वेळी वहीत चार रकाने आखायचे: दिसलं, ऐकलं, संबोधन, शोधायचं. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. कळलं नाही ते तिथे टाकायचं आणि थांबायचं नाही. दर शब्दाला थांबून शब्दकोश उघडला तर दीड तासाचा चित्रपट तीन संध्याकाळी खातो आणि त्याची लय हाती लागत नाही.

तिसऱ्या रकान्याची किंमत कळते ती लोराँ काँतेच्या 'आंत्र ले म्यूर'मध्ये. याला २००८ साली कान महोत्सवात पाम द'ऑर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पॅरिसच्या २०व्या विभागातली शाळा, खरे विद्यार्थी, आणि ज्याच्या पुस्तकावर चित्रपट बेतला तो फ्रँस्वा बेगोदो स्वतः शिक्षकाच्या भूमिकेत. शिक्षक मुलांना 'त्यू' (तू) म्हणतो, मुलं त्याला 'व्हू' (तुम्ही). सुलेमान नावाचा मुलगा भर वर्गात शिक्षकाला 'त्यू' म्हणतो आणि प्रकरण शिस्त समितीपर्यंत जातं. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू', त्यामुळे एवढं काय बिनसलं हेच समजत नाही. खरं तर मराठी कानाला हे आधी कळायला हवं. मास्तरांना अरे-तुरे केल्यावर काय होतं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण नजर खालच्या इंग्रजी ओळींवर खिळली की कान झोपतात. म्हणून निदान असे प्रसंग तरी पडद्याच्या खालच्या पट्टीवर कागद चिकटवून बघावेत.

त्याच चित्रपटात 'काँसेय द क्लास'ची बैठक आहे. विद्यार्थ्यांची प्रगती ठरवणाऱ्या या बैठकीत विद्यार्थ्यांच्या दोन प्रतिनिधीही बसतात. आपल्याकडच्या पालकसभेची सवय असलेल्याला वाटतं, या पोरी इथे कशाला? त्या तिथे हक्काने बसल्या आहेत. तिथलं बोलणं त्या वर्गात जाऊन सांगतात आणि भडका तिथून उडतो. हा हक्क माहीत नसेल तर चित्रपट 'उद्धट मुलं, वैतागलेला शिक्षक' एवढाच उरतो, आणि वर्गातल्या निम्म्या उत्तरांत तो तेवढाच होता. शिस्त समितीच्या बैठकीत सुलेमानची आई फ्रेंच बोलत नाही. तिचं म्हणणं शिक्षकांना समजावून सांगतो तो आरोपी मुलगाच. या प्रसंगावर एक पूर्ण उत्तर उभं राहतं.

या चित्रपटाची जोडी लावायची ती फ्रँस्वा त्र्युफोच्या 'ले कात्र सां कू' (१९५९) बरोबर. संस्था तीच, शाळा; मधे जवळजवळ पन्नास वर्षं. अशी जोडी निबंधाला फार सोयीची, कारण बदल तारखांनी दाखवता येतो. त्र्युफोच्या वर्गात फक्त मुलगे आहेत, काँतेच्या वर्गात मुलं-मुली एकत्र. सक्तीच्या शिक्षणाचं वय १४ वरून १६ करणारा अध्यादेश निघाला जानेवारी १९५९मध्ये, म्हणजे त्र्युफोचा चित्रपट येण्याच्या काही महिने आधी. सगळ्यांसाठी एकच माध्यमिक शाळा आली १९७५च्या आबी कायद्याने. शाळेत ठळक धार्मिक चिन्हं घालायला बंदी आली मार्च २००४मध्ये. या तीन तारखा पाठ असल्या की 'पूर्वी शाळा कडक होती, आता मुलं बोलतात' अशी गुळमुळीत वाक्यं आपोआप गळतात. त्र्युफोकडे घरही बघावं: चित्रपटातला मुलगा आंत्वान घराच्या दाराजवळच्या चिंचोळ्या जागेत झोपतो, येणारा-जाणारा त्याच्या अंगावरून जातो. युद्धानंतरच्या पॅरिसमधली घरटंचाई कोणी बोलून दाखवत नाही, पण ती प्रत्येक खोलीच्या मापात आहे.

चौथ्या रकान्यात वारंवार येणारं नाव म्हणजे अल्जीरिया, स्वातंत्र्यासाठी फ्रान्सशी लढलेली वसाहत. आन्येस वार्दाच्या 'क्लेओ द सँक आ सेत'मध्ये एक गायिका वैद्यकीय तपासणीच्या निकालाची वाट बघत पॅरिसभर फिरते. १३ प्रकरणं, प्रत्येकाच्या माथ्यावर वेळ, सगळा मामला दीड तासाचा. टॅक्सीच्या रेडिओवर अल्जीरियातल्या बातम्या लागतात आणि तिचं लक्षही नसतं. शेवटी बागेत तिला भेटतो तो सुटी संपवून तिकडेच परत निघालेला सैनिक. चित्रीकरण १९६१चं, प्रदर्शन एप्रिल १९६२चं, म्हणजे तिथली लढाई थांबवणाऱ्या मार्चमधल्या एव्हियाँ करारानंतरचं. त्या काळात सरकारी भाषेत हे युद्ध नव्हतंच, ती 'सुव्यवस्था राखण्याची कारवाई' होती. 'युद्ध' हा शब्द कायद्यात यायला ऑक्टोबर १९९९ उजाडलं. दिग्दर्शक गोदारने १९६०मध्ये चित्रित केलेला 'ल पती सोल्दा' याच विषयामुळे १९६३पर्यंत अडकून पडला. एवढं कळल्यावर क्लेओच्या टॅक्सीतली ती बातमी पार्श्वभूमीला चाललेली गडबड राहत नाही.

म्हणून चित्रपटाच्या नावापुढे एक नाही, तीन साल लिहायची सवय लावावी: गोष्टीचं साल, चित्रीकरणाचं साल, लोकांना दाखवल्याचं साल. तिन्हींत फरक पडला की तिथे काहीतरी घडलेलं असतं. नाझी छळछावण्यांवरच्या आलँ रेनेच्या ३२ मिनिटांच्या 'न्युई ए ब्रुइयार' या माहितीपटात, ज्यूंना डांबलेल्या फ्रान्समधल्या पितिविये छावणीच्या एका छायाचित्रात फ्रेंच पोलिसाची टोपी दिसत होती. १९५६मध्ये सेन्सॉरने ती झाकायला लावली. ज्यूंच्या धरपकडीत फ्रेंच राज्ययंत्रणेचा हात होता हे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जाहीरपणे मान्य केलं ते जुलै १९९५मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत फ्रान्स स्वतःविषयी काय सांगत होता, यावर बोलायला ती झाकलेली टोपी पुरते.

पॅरिसबाहेरच्या वस्तीतल्या तीन पोरांवरचा मात्यू कासोवित्झचा 'ला एन' (१९९५) मात्र चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आत लावू नये. पुस्तकी, मधल्या (बी-वन) पातळीचं फ्रेंच तिथे चालत नाही. संवाद 'व्हेर्लां'मध्ये आहेत, शब्दातल्या ध्वनींची उलटापालट करून: 'फाम'चं 'मफ', 'फ्लिक'चं 'कफ'. असे पंधरा-वीस शब्द आधी पाठ करावेत, नाहीतर सगळं लक्ष भाषेवर जातं आणि कॅमेरा निसटतो. कॅमेऱ्यातच तर खरी गंमत आहे. वस्तीतल्या दृश्यांत भिंगं छोट्या केंद्रांतराची, त्यामुळे माणूस आणि त्याच्या मागच्या इमारती एकत्र स्पष्ट दिसतात. पॅरिसमध्ये पोचल्यावर लांब केंद्रांतराची भिंगं येतात, मागचं शहर धूसर होतं आणि तिघं पोरं त्यापासून सुटी पडतात. चित्रीकरण शांतलू-ले-व्हीन्य या उपनगरातलं. प्रेरणा एप्रिल १९९३मध्ये पॅरिसच्या पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या माकोमे म'बोवोले या तरुणाच्या प्रकरणाची. 'बांल्यू'ला आपण सरळ 'उपनगर' लिहितो आणि मुंबईकराच्या डोळ्यांपुढे पार्ले-बोरिवली येतं. तसं लिहायचंच असेल तर पुढे एक ओळ जोडावी: शहराच्या कडेच्या सरकारी इमारती, स्थलांतरित कुटुंबं, बेकारी, आणि पॅरिसला जायला धड गाडी नाही.

अंतर्गत गुणांचा मोठा भाग प्रसंग-विश्लेषणाला असतो. तीन ते पाच मिनिटांचा प्रसंग घेऊन शॉटगणिक तक्ता करायचा: क्रमांक, लांबी सेकंदांत, चौकटीचं माप, कॅमेऱ्याची हालचाल, आवाज, संवाद. पहिल्यांदा करताना अख्खी दुपार जाते. यात दोन खड्डे आहेत. पहिला संज्ञांचा. फ्रेंच 'प्लां म्वायें'मध्ये माणूस डोक्यापासून पायांपर्यंत दिसतो. इंग्रजी 'मीडियम शॉट' कमरेपासून वरचा. इंग्रजी पुस्तकावरून तक्ता भरला की एक घर सरकतं आणि पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. मांडीपर्यंतचा तो 'प्लां आमेरिकें', कमरेपासून वरचा 'प्लां राप्रोशे'.

दुसरा खड्डा वेळेचा. युरोपातली पॅल या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी पळवते, म्हणजे चार टक्के जलद. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो, आवाजही किंचित चढा लागतो. तुमच्याकडे डीव्हीडी, शिक्षकांकडे ब्लू-रे असेल तर चित्रपटाच्या शेवटाकडे दोघांच्या वेळेत जवळजवळ चार मिनिटांचा फरक पडतो. वेळेसोबत शॉटचं वर्णन लिहावं आणि कुठली प्रत वापरली ते पहिल्याच पानावर नोंदवावं. प्रत निवडताना चौकटीचं प्रमाणही बघा. 'ले कात्र सां कू' रुंद पडद्याचा आहे, २.३५ : १. कडा छाटलेली प्रत मिळाली तर कोपऱ्यातली माणसं गायब होतात आणि तुम्ही 'आंत्वान एकटा आहे' असं लिहून बसता.

सुरुवातीच्या बोधचिन्हांची रांग पुढे ढकलू नका. टीव्ही वाहिन्या, प्रादेशिक निधी, सीएनसी ही सरकारी चित्रपट संस्था, यांतून चित्रपटाला पैसा कुठून आला हा प्रश्न सुटतो. १९४६ साली स्थापन झालेल्या सीएनसीकडे तिकिटाच्या किमतीतले १०.७२ टक्के कर म्हणून जातात, हॉलिवूडच्या चित्रपटाच्या तिकिटावरचेसुद्धा, आणि त्या पैशातून फ्रेंच चित्रपटांना मदत होते. १९५९पासून पटकथा बघून आगाऊ रक्कम देण्याची योजनाही आहे. पहिल्याच चित्रपटाला पैसा उभा राहतो तो बराचसा यामुळे.

चित्रपट निवडायची मुभा असेल तर एक तरी गल्लाभरू विनोदी घ्यावा. 'बियँव्हनू शे ले श्ती' (२००८) फ्रान्समध्ये दोन कोटींहून जास्त प्रेक्षकांनी थिएटरात पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा सहा-साडेसहा कोटी. टपाल खात्यातला अधिकारी समुद्रकिनाऱ्याच्या बदलीसाठी लबाडी करतो, पकडला जातो आणि उत्तरेला बेर्गला धाडला जातो. शिक्षेच्या बदलीवरचा विनोद सरकारी नोकरांच्या घरात वाढलेल्या मराठी पोराला समजावावा लागत नाही. उत्तरेच्या बोलीवरचा मात्र फ्रेंच सबटायटल्सशिवाय सुटत नाही. याउलट 'आमेली' घेण्याचा मोह आवरा. त्यातलं मोंमार्त्र (पॅरिसचा एक भाग) मुद्दाम पुसून-लखलखीत केलेलं आहे. ते तसं का केलं यावर लिहिणार असाल तरच तो उपयोगी.

निबंध फ्रेंच 'दिसेर्तासियों'च्या साच्यात लागतो: प्रस्तावनेतच मूळ प्रश्न आणि पुढच्या भागांची घोषणा, मग बाजू, प्रतिबाजू, मेळ. प्रश्न 'फ्रेंच समाज कसा आहे' असा अघळपघळ असला की निबंध तिथेच फसतो. 'शाळा वेगळेपण मिटवते की उघडं पाडते?' असा प्रश्न दोन चित्रपटांवर पेलता येतो.

तोंडी परीक्षेत एकच प्रश्न फिरून फिरून येतो: हे तुम्हाला पडद्यावर नेमकं कुठे दिसलं? प्रत्येक विधानामागे एक शॉट तयार ठेवावा आणि त्यांतल्या दोन-तीन चौकटी कागदावर छापून न्याव्यात. वर्गातल्या प्रोजेक्टरला ऐन वेळी आवाज नसतो, आणि लॅपटॉपवर तो सव्वा मिनिटाचा तुकडा शोधण्यातच तुमची दहा मिनिटं संपतात.